पहिला असेंबल्ड पीसी, तोही कोकणात: कुठला भाग कुठून घ्यावा

देवगड तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, ऑटोकॅड आणि रेव्हिटवर काम करायचंय, जोडीला लग्नांचे आणि होमस्टेवाल्यांचे व्हिडिओ एडिट करायचेत. मॉनिटर सोडून 80 हजारांची तयारी आहे. यूट्यूब बघून यादी केली आहे: आय-5 चा एफ मालिकेतला प्रोसेसर, 8 जीबीचं ग्राफिक कार्ड, 32 जीबी रॅम, 1 टीबीची एनव्हीएमई एसएसडी, काचेचं आरजीबी कॅबिनेट आणि ‘500 वॅटचा कुठलाही’ एसएमपीएस (भिंतीतली वीज पीसीच्या भागांना पुरवणारा डबा). यूपीएस नाही, कारण घरात इन्व्हर्टर आहे. घर सड्यावर. हे सगळं ऑनलाइन मागवावं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन आणावं, की कणकवलीतल्या दुकानातून घ्यावं?

मी कुडाळात पीसी जोडतो आणि दुरुस्तही करतो. टेबलावर येणाऱ्या मशीनमध्ये प्रोसेसर गेलेला जवळजवळ कधीच नसतो. गेलेला असतो एसएमपीएस, त्याखालोखाल मदरबोर्ड, कधीतरी ग्राफिक कार्ड. आणि कारणं बहुतेक वेळा दोनच, वीज नाहीतर खारी दमट हवा. तुमच्या यादीत नेमकं याच दोन गोष्टींसाठी काही ठेवलेलं नाही. म्हणून माझा आग्रह असा की आधी विजेची सोय बघा, मग बिघडलेला भाग कोण आणि कसा परत घेणार ते बघा, आणि उरलेल्या पैशांत जेवढा वेग मिळेल तेवढा घ्या. 80 हजारांतले 12 ते 15 हजार एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग यांच्यासाठी आत्ताच वेगळे काढा.

सुरुवात अर्थिंगपासून, एकही भाग विकत घेण्याआधी. सड्यावर माती वीतभर आणि खाली जांभ्याचा कातळ. पावसाळ्यात अर्थिंग ठीक वाटतं. मार्च-एप्रिलमध्ये खड्डा कोरडा पडला की ते नावापुरतं उरतं. वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटरवर तीन आकडे मोजून घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे, 230 व्होल्टच्या आसपास हवेत. तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरा आकडा बराच जास्त असेल किंवा सारखा हलत असेल तर नवा खड्डा घ्या, कोळसा-मीठ भरा आणि उन्हाळ्यात त्यात नेमाने पाणी घाला. घराच्या मागे माती खोल असेल, विहिरीजवळ किंवा माडांच्या बाजूला, तर खड्डा तिथे घेऊन जाड वायर आत आणणं जास्त बरं.

याबद्दल इतकं लिहितोय कारण अर्थ नसलेल्या प्लगवर पीसी चालू होतो, चालतोही, आणि लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. मग कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून धातूच्या कवचाला जोडलेले असतात. अर्थ तुटलेला असला की ते कवच निम्म्या दाबावर, म्हणजे साधारण 115 व्होल्टवर तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून दुर्लक्ष होतं. पण त्या अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय किंवा केबलवाल्याची वायर जोडली की ठिणगी उडून पोर्ट जातो, आणि जळलेला पोर्ट वॉरंटीत बसत नाही. आत खरोखरच फेज कवचाला लागली तर मात्र गाठ जिवाशी असते.

आता एसएमपीएस. ‘कुठलाही’ हा शब्द यादीतून काढा. 550 ते 650 वॅट, 80 प्लस ब्राँझ किंवा त्यावरचा, ॲक्टिव्ह पीएफसी (विजेचा ओढा नीट ठेवणारं सर्किट) असलेला आणि पाच वर्षं वॉरंटीचा घ्या. 80 प्लस हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, मजबुतीचा नाही, हे लक्षात ठेवा. तरी शिक्काच नसलेल्या स्वस्त मालापेक्षा तो केव्हाही बरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डब्याच्या कुशीवरचं लेबल वाचा. इनपुटपुढे 100-240 व्होल्ट लिहिलेलं असेल तर घ्या. स्वस्त एसएमपीएसवर 200-240 असतं. गणपतीत चाकरमानी आले, घरोघरी माळा, पंखे, मिक्सर एकदम सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज किती उतरतं ते तुम्हाला माहीत आहे. 200 च्या खाली गेल्यावर तो दुसरा एसएमपीएस मशीन बंद करतो किंवा गरम होऊन आयुष्य कमी करून घेतो. पहिला तिकडे लक्षही देत नाही.

इन्व्हर्टरवर पीसी चालेल का? लाईट गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत जो क्षण जातो तो एसएमपीएसला तोलून धरता आला पाहिजे. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण 17 मिलिसेकंद तग धरतो. साधा इन्व्हर्टर त्याहून सावकाश बदलतो, म्हणून मशीन रीस्टार्ट होतं. तुमच्या इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चं बटण आणि शुद्ध साईन वेव्ह (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर) असेल तर कदाचित भागेल, स्क्वेअर वेव्हचा असेल तर पीसी त्यावर लावूच नका. मी सरळ 1000 व्हीएचा लाईन-इंटरॲक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तर स्वतः सावरणारा) यूपीएस घ्यायला सांगेन. 600 व्हीए म्हणजे प्रत्यक्षात 360 वॅट. एडिटिंगचा पीसी रेंडरला लागला आणि मॉनिटर धरला की तो अगदी काठावर येतो. 1000 व्हीएला 600 वॅटच्या आसपास मिळतात. बॅकअप पाच-दहा मिनिटांचाच, फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरता. ॲक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या नकली साईन वेव्हवर रुसतात, म्हणून यूपीएस घेताना दुकानातच पीसी जोडा, जड काहीतरी चालू ठेवा आणि भिंतीतला प्लग काढून बघा. विकणारा तयार नसेल तर दुसरीकडे जा.

वीज चमकते तेव्हा यूपीएस काही करू शकत नाही. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस या दिवसांत ढग गडगडले की प्लग काढायचा, आणि राऊटरकडून येणारी लॅनची वायरही काढायची. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राऊटरच्या ॲडॉप्टरमधून आणि तांब्याच्या लॅनमधून येते. एसएमपीएस शाबूत आणि मदरबोर्डवरची लॅन चिप तेवढी जळलेली, अशी मशीनं दर परतीच्या पावसानंतर येतात.

प्रोसेसरचं थोडक्यात. एफ मालिकेत अंगभूत ग्राफिक्स नसतं आणि म्हणून तो थोडा स्वस्त असतो. पुण्यात ती बचत ठीक. तुमचं ग्राफिक कार्ड बिघडून मुंबईला गेलं तर परत यायला काही आठवडे जातात, आणि तेवढे दिवस एफवाला पीसी पडदाच दाखवणार नाही. ड्रॉइंगची कामंही बंद. त्यामुळे एफ नसलेला आय-5 12400 किंवा 14400 घ्या. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारं खास सर्किट) आहे, आणि नव्या कॅमेऱ्यांचं 10 बिट फोर-टू-टू एच-265 (रंगाचा जास्त तपशील ठेवणारं) फुटेज ते टाइमलाइनवर सुरळीत चालवतं. लग्नाच्या कामात हे फार उपयोगी पडतं. एएमडीकडे जायचं तर रायझन 5 7600: त्यात पडदा दाखवण्यापुरतं ग्राफिक्स आहे, आणि एएम-5 सॉकेटला (प्रोसेसर बसतो त्या खोबणीच्या प्रकाराला) किमान 2027 पर्यंत पाठबळ देऊ असं कंपनीने सांगितलंय, म्हणजे पुढे फक्त प्रोसेसर बदलता येईल. 7500 एफ मात्र नको, कारण तेच. एएम-5 वर फक्त डीडीआर-5 रॅम चालते. इंटेलच्या 12 ते 14 व्या पिढीला बोर्डाप्रमाणे डीडीआर-4 किंवा डीडीआर-5. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांची मिळून किंमत बघा, एकट्या प्रोसेसरची नको.

वापरलेला माल घ्यायचा मोह झाला तर 13 व्या-14 व्या पिढीचे जुने आय-7, आय-9 टाळा. जादा व्होल्टेजमुळे त्यांतले काही प्रोसेसर खराब होत होते हे इंटेलने 2024 मध्ये मान्य केलं, बायोसमधून (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) उपाय दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधी झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही.

रॅमचे भाव 2025 च्या अखेरीपासून चढले आहेत, कारण मेमरी बनवणाऱ्यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरकडे वळवली. एसएसडीलाही त्याची झळ बसली आहे. 32 जीबी परवडत नसेल तर 16 ची एकच स्टिक घेऊन एक स्लॉट रिकामा ठेवा. दोन स्टिकने मिळणारा वेग काही दिवस मिळणार नाही, चालेल. त्यासाठी एसएमपीएसचे पैसे कापू नका. ऑटोकॅडला ग्राफिक कार्ड फारसं लागत नाही, रेव्हिटला रॅम जास्त लागते. कार्ड लागतं ते डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला आणि थ्री-डी रेंडरला. पैसे कमी पडले तर कार्ड सहा महिन्यांनी घ्या. अंगभूत ग्राफिक्स आहे, साध्या एडिटिंगचं काम अडणार नाही. घ्याल तेव्हा कमी वॅटचं बघा: आरटीएक्स 4060 ला 115 वॅट लागतात, 5060 ला 145, आणि यूपीएसवर तो फरक जाणवतो.

कॅबिनेटला पुढे जाळी आणि धुता येणारा फिल्टर हवा. काचेचा पुढचा भाग नको. यापुढे कॅबिनेटच्या दिसण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, आवडेल तो रंग घ्या.

आता कुठून घ्यायचं. माझ्या मते सगळे भाग एकाच ठिकाणाहून घ्यायची गरज नाही. प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारा: हा बिघडायची शक्यता किती, आणि बिघडला तर तो मुंबईपर्यंत पोचवणं किती जड? प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी क्वचित बिघडतात, आणि बिघडले तरी छोट्या पाकिटात कुरिअर होतात. हे तीन जिथे भाव चांगला तिथून घ्या, ऑनलाइन घेतले तरी हरकत नाही. मदरबोर्ड, एसएमपीएस, यूपीएस आणि कॅबिनेट जवळून घ्या. यूपीएसमध्ये शिशाची बॅटरी, कॅबिनेट अवजड. ते पाठवणं-परत करणं दोन्ही त्रासाचं. मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये बारीक पिना असतात, आणि एखादी वाकली तर ती कारखान्यात वाकली, कुरिअरमध्ये की तुमच्या हातून, हे सिद्ध करणं अशक्य. म्हणून बोर्ड अशा ठिकाणाहून घ्या जिथे तुमच्यासमोर खोका उघडून, सॉकेट बघून, प्रोसेसर बसवून बायोस दाखवतील. ग्राफिक कार्ड मधलं: महाग आहे, अधूनमधून बिघडतं, पण पार्सल करण्याजोगं.

कणकवली-कुडाळ-रत्नागिरीचे दुकानदार बहुतेक भाग कोल्हापूर किंवा मुंबईच्या वितरकाकडून मागवतात आणि थोडा जास्त भाव लावतात. त्या जादा पैशात तुम्ही वॉरंटीची ने-आण विकत घेताय का, एवढंच विचारायचं. तीन प्रश्न स्पष्ट विचारा. बोर्ड गेला तर सर्व्हिस सेंटरला तुम्ही पाठवणार की मी? पाठवायचा खर्च कोणाचा? तोवर चालवायला काही देणार का? ज्याचं वितरकाकडे नियमित खातं आहे तो न अडखळता उत्तर देतो, कारण त्याचं पार्सल तसंही दर आठवड्याला जात असतं. जो ‘कंपनीची वॉरंटी आहे, काळजी नको’ एवढंच म्हणतो, त्याला जादा भाव देण्याचं कारण नाही.

लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनला लागून आहे. तिथला फायदा भावाइतकाच निवडीचा: जो बोर्ड इथे महिनाभर मिळणार नाही तो तिथे तीन दुकानांत असतो. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. निघण्याआधी पूर्ण मॉडेल नंबर लिहून दोन-तीन दुकानांकडून व्हॉट्सॲपवर भाव मागवा, आणि तिथे गेल्यावर ‘तो नाही, हा घ्या, एकच आहे’ असं म्हटलं तर तिथल्या तिथे होकार देऊ नका. बोर्डाच्या नावातलं एखादं अक्षर बदललं तरी व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग) आणि रॅमचे स्लॉट बदलतात. सगळं तिथेच जोडून घेतलंत तर आणताना ग्राफिक कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवा. मुंबई-गोवा महामार्गाच्या धक्क्यांनी जड कार्ड स्लॉट उचकटतं. तुतारी एक्सप्रेसने कणकवलीला उतरणार असाल तर कॅबिनेट मदरबोर्डची बाजू खाली येईल असं आडवं, सीटखाली.

ऑनलाइन घेताना भागांचीच विक्री करणारे दुकानदार निवडा. प्राइमएबीजीबी लॅमिंग्टन रोडवरचंच आहे, एमडी कॉम्प्युटर्स कोलकात्याचं. मोठ्या बाजारपेठेच्या साइटवर घेतलंत तर ‘विक्रेता’ या ओळीत कोणाचं नाव आहे ते वाचा, साइटचं नाव नव्हे. पिनकोड टाकून माल घरी येतो की तालुक्याला थांबतो ते आधी तपासा. खोका उघडताना कुरिअरच्या लेबलापासून आतल्या सीलपर्यंत न तोडता सलग व्हिडिओ काढा.

प्रोसेसर बंद खोक्यातलाच घ्या. ‘ट्रे’ म्हणून सुटा मिळणारा अस्सल असू शकतो, पण त्याची वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर असते. खोक्यातल्या इंटेल आणि एएमडीला कंपनीची तीन वर्षं असतात. प्रत्येक खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर हवं. पॅकबंद आयात मालावर ते कायद्याने लागतं, आणि ते नसेल तर तो माल भारतातल्या वॉरंटीत येईल असं धरू नका.

बिलाशिवाय काहीही घेऊ नका. ‘बिल नको असेल तर एवढे कमी’ हा भाव ऐकू येईल. त्या कमी पैशांत तुम्ही तीन-पाच वर्षांची वॉरंटी विकताय. बिलावर दुकानाचा 15 अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून खरा आहे का ते बघता येतं. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. त्याचा मोबाईलवर फोटो ठेवा, कारण थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसतं. दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, माल कोलकात्याहून घेतला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही.

राहिली हवा. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यातलं मीठ बोर्डावर बसतं, आणि आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे त्याच्या वरच असते. त्या खारट थरातून पिनांमध्ये बारीक करंट वाहतो आणि हिरवट गंज धरतो. गंजलेला बोर्ड कुठलीच कंपनी वॉरंटीत घेत नाही. उपाय सोपा आहे: पावसाळ्यात पीसी रोज निदान तासभर चालू ठेवा. आतली ऊब ओल धरू देत नाही. सगळ्यात जास्त खराब होतात ती घर बंद करून दोन महिने तशीच ठेवलेली मशीनं. समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नका, जमिनीवर तर नाहीच. पावसाळ्यात लादीला ओल येते, आणि मुंग्या, पाली उबेला म्हणून एसएमपीएसमध्ये शिरतात. टेबलावर ठेवा आणि मागच्या रिकाम्या फटी बारीक जाळीने बंद करा. रॅमचे पाय खोडरबराने घासायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्यावरचा सोन्याचा मुलामा पातळ असतो, सारखं घासून तो निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा.

कामाचा डेटा पीसीत एकट्याने ठेवू नका. जून 2020 चं निसर्ग वादळ, मे 2021 चं तौक्ते आणि त्याच वर्षी 22 जुलैला चिपळुणात शिरलेलं वाशिष्ठीचं पाणी आठवा. एक एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्या आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ पुन्हा शूट करता येत नाहीत.

पीसी जोडून झाल्यावर बायोस अपडेट करा, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा, दुसऱ्या दिवशी दोन तास सलग रेंडर चालवून तापमान बघा, आणि रेंडर चालू असतानाच यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. ऑनलाइन घेतलेल्या भागांना परत करायची मुदत बहुधा सात दिवसांची असते, त्यामुळे सगळे भाग हातात आल्याशिवाय पहिला खोका पडून राहील अशी मागणी नोंदवू नका: बोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट आधी घरी येऊ दे, ऑनलाइनचे भाग शेवटी मागवा.